एका आकड्याची कैफियत

मोटारीचे चालकाकडील दार उघडले, की त्याच्या चौकटीवर एक लहानसा तक्ता चिकटविलेला आढळतो. त्यात पुढील चाकांसाठी एक व मागील चाकांसाठी एक असे हवेच्या दाबाचे आकडे असतात, आणि दोनच माणसे बसली असता किती व गाडी सामानासह पुरती भरली असता किती, हेही पुष्कळदा नमूद केलेले असते. पण ज्या गाडीच्या रंगाविषयी आणि मायलेजविषयी मालक तासन्‌तास बोलतो, तिचा हा तक्ता त्याने क्वचितच वाचलेला असतो. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराने ‘किती ठेवू?’ असे विचारले, की ‘तीस-बत्तीस ठेव’ असे उत्तर सवयीने दिले जाते. हा आकडा ठरविण्याचा अधिकार आरंभी कोणाकडे होता, पुढे तो कोणाकोणाच्या हाती गेला, आणि त्या फेरफारात किती माणसांचे प्राण गुंतले, याची हकीकत नीटपणे सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

हवेवर चालणारे चाक प्रथम कल्पिले ते रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने. त्याने 1845 साली त्याचे पेटंट घेतले, आणि रबर लावलेल्या कापडाच्या नळीवर चामड्याचे वेष्टन चढवून केलेली चाके लावलेल्या घोडागाड्या 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्‌स पार्कमध्ये चालवून दाखविल्या. त्यांचा आवाज होत नसे आणि घोड्यास ओढ कमी लागे. परंतु मोटार अद्याप जन्मास यायची होती व रबर महाग होते, त्यामुळे ती कल्पना दप्तरात पडून राहिली. पुढे 1888 मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधले, आणि थॉमसनचा पूर्वाधिकार उजेडात आल्यावर त्यांचे पेटंट रद्द ठरले, तरी हवेच्या टायरचा व्यापार त्यांच्यापासूनच वाढला. त्या काळी दाब मोजण्याचे साधन सायकलस्वाराजवळ नसे. अंगठ्याने टायर दाबून पाहावा आणि आपल्या हाडांना जे सोसेल ते प्रमाण मानावे, असा रिवाज होता.

मोटार आली तेव्हा अंगठ्याचा हा अंमल संपणे प्राप्तच होते. 1895 सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार उतरविली. वाटेत त्यांच्या ट्यूब इतक्या वेळा फुटल्या की शर्यत जिंकण्याची गोष्टच उरली नाही, तरी वजनदार वाहनही हवेवर चालू शकते, हे सिद्ध झाले. वास्तविक गाडीचा भार पेलते ती आतील हवा, टायरचे रबर नव्हे, आणि हा हिशेब कोणीही करून पाहू शकतो: हजार किलो वजनाची गाडी म्हणजे सुमारे 2200 पौंड, दर चौरस इंचास 30 पौंड दाब असेल, तर तो भार तोलण्यास सुमारे 73 चौरस इंच जमीन लागते, म्हणजे एका चाकाच्या वाट्यास जेमतेम 18 चौरस इंच, तळहाताएवढी जागा, येते. तेवढ्याशा जागेवर गाडी वळते, थांबते आणि पावसात रस्ता धरून राहते. हवा कमी पडली की टायर अधिक चपटा होतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या भिंती अधिक वाकतात, वाकण्याने उष्णता निर्माण होते, आणि तीच उष्णता रबर व आतील थर यांची पकड सैल करते. उलट हवा जास्त झाली, तर टेकण्याची जागा आकुंचित होते, मधला भाग लवकर झिजतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कण्यापर्यंत पोहोचतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारीचे टायर अरुंद असत व त्यांत 50 ते 70 पौंड हवा भरावी लागे. श्रेडर या न्यूयॉर्कच्या कारखान्याने आजही आपण वापरतो तो व्हॉल्व्ह रूढ केला आणि पाठोपाठ पेन्सिलीसारखा खिशात मावणारा मापकही बाजारात आणला. त्याचे तोंड व्हॉल्व्हवर दाबावे, क्षणभर फुसकारा ऐकू यावा, आतील स्प्रिंगला रेटून हवेने आखीव पट्टी बाहेर ढकलावी, आणि नळीच्या काठाशी जी रेघ दिसेल ती वाचावी, इतकी ही साधी योजना होती. 1923 च्या सुमारास फायरस्टोन व मिशलँ यांनी रुंद ‘बलून’ टायर आणले आणि दाब एकदम तिसापर्यंत खाली आला. प्रवास सुखाचा झाला खरा. पण हवेचा आकडा आता टायरच्या कारखान्याच्या तक्त्यातून निघून मोटार बनविणाऱ्याच्या विचाराधीन झाला, आणि टायरची सहनशक्ती व प्रवाशाचे सुख यांच्यात जो तह करावयाचा, त्याचा मसुदा मोटारवाला करू लागला.

त्या तहातील पहिले मोठे विपरीत प्रकरण म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेअर ही 1960 सालची अमेरिकन मोटार. तिचे इंजिन मागे होते, त्यामुळे वजनाचा मोठा हिस्सा मागील चाकांवर पडे, आणि मागील आसांची बांधणी अशी होती की जोराच्या वळणावर चाक आत मुडपण्याचा धोका राही. पुढील बाजूस गाडीचे झुकणे आवरणारा दांडा बसविता आला असता; तो पहिल्या वर्षांत बसविला नाही, आणि त्याऐवजी हवेच्या दाबावर भिस्त ठेवण्यात आली: पुढे 15 पौंड, मागे 26 पौंड. आता कोणता गृहस्थ पुढच्या टायरात 15 पौंड हवा पाहून स्वस्थ राहील? पंपावरचा माणूस चारही चाकांत सारखी हवा भरी, मालक त्याचे आभार मानी, आणि गाडीचे जे संतुलन त्या फरकावर उभे होते, ते नाहीसे होई. राल्फ नेडर यांनी 1965 च्या आपल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात हा मामला लोकांपुढे मांडला. 1972 मध्ये सरकारी चौकशीने ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निर्वाळा दिला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तरीही ज्या सुरक्षिततेची जबाबदारी लोखंडाने घ्यावयाची, ती ज्यास कारण सांगितलेले नाही अशा ग्राहकाच्या सावधगिरीवर टाकणे मला आजही अक्षम्य वाटते.

पस्तीस वर्षांनी तोच धडा अधिक दारुण रीतीने पुन्हा गिरवावा लागला. फोर्डच्या एक्स्प्लोरर या उंच गाडीसाठी मोटारवाल्यांनी 26 पौंडांची शिफारस केली होती, आणि टायर बनविणाऱ्या फायरस्टोनचे म्हणणे 30 पौंडांचे होते. उन्हाळ्याच्या दिवसांत, भरलेली गाडी महामार्गावर भरधाव जात असता, टायरचा वरचा पट्टा खालच्या थरापासून सुटून जाई आणि गाडी उलटे. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत बोलाविले. तोवर आणि त्यानंतर मिळून दोनशेहून अधिक माणसे या अपघातांत मृत्युमुखी पडली. मोटारवाले टायरच्या सदोष बनावटीकडे बोट दाखवीत, टायरवाले कमी दाबाकडे व गाडीच्या घडणीकडे. आणि दोन्ही कंपन्यांचा जवळजवळ शतकभराचा संबंध 2001 मध्ये संपुष्टात आला. कमी दाबाने टायर तापतो हे दोन्ही पक्षांना पूर्वीपासून ठाऊक होते. चार पौंडांच्या त्या अंतराची चर्चा कुटुंबीयांना मात्र आपली माणसे गेल्यावर वर्तमानपत्रांतून वाचावी लागली.

टायर परत बोलाविले त्याच वर्षाच्या, म्हणजे 2000 च्या, अखेरीस अमेरिकेने कायदा केला, आणि त्यातून टायरातील हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा सप्टेंबर 2007 पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचा झाला. पण तो दिवा तक्त्यातील दाबापेक्षा चतुर्थांशाने हवा कमी झाल्यावर पेटला तरी चालेल, अशी मुभा नियमात आहे. म्हणजे 32 पौंडांच्या गाडीत 24 पौंडांपर्यंत तो मौन राहू शकतो. आपल्याकडे 2020 पासून असे यंत्र व पंक्चर दुरुस्तीची पेटी असलेल्या लहान मोटारींना जादा चाक न बाळगण्याची सवलत मिळाली, त्यामुळे येथेही या दिव्यावर विसंबणारे वाढले आहेत.

शिवडीला फायरस्टोनचा आणि भांडुपला सिएटचा कारखाना पाहिलेल्या या प्रांतात टायरचे ज्ञान अपरिचित नाही. परंतु सिमेंटचा समृद्धी महामार्ग झाल्यावर विदर्भाच्या उन्हाशी टायरची नवी गाठ पडली, आणि टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन खात्यास तेथे टायरांची तपासणी सुरू करावी लागली. तक्त्यातील आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतरचा असतो. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो, आणि धावणाऱ्या टायरात तो चार-पाच पौंडांनी वाढणे स्वाभाविकच असते. दुपारी वाटेत थांबून मापक लावणारा माणूस 32 च्या जागी 37 पाहतो, भयाने पाच पौंड हवा सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड झालेल्या टायरात 27 घेऊन निघतो. मग तोच टायर कालच्याहून अधिक वाकतो आणि कालच्याहून अधिक तापतो. दुपारी वाढलेला दाब तसाच राहू द्यावा, आणि हवा मोजावयाची ती सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी, दाराच्या चौकटीवरील आकड्याशी ताडून. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा उठविलेला असतो, तो त्या टायरच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा असून हवा भरण्याची शिफारस नव्हे, हे पंपावरच्या त्या पोरासही कोणीतरी सांगावयास हवे.