गवत मेलं तर?

शनिवारी रात्री 'नो ब्लेड ऑफ ग्रास' पाहिला. १९७० चा सिनेमा, दिग्दर्शक कॉर्नेल वाइल्ड. मूळ कादंबरी जॉन ख्रिस्तोफरची, १९५६ ची. गोष्ट एवढीच की एका विषाणूने जगभरचं गवत मरतं. त्यात काय एवढं, असं वाटतं ना? पण गहू, तांदूळ, ज्वारी, मका, ऊस... हे सगळं गवतच की हो! लंडनमधलं एक सभ्य कुटुंब उत्तरेकडे भावाच्या शेतावर निघतं आणि वाटेत अन्नासाठी माणसं मारायला शिकतं. सिनेमा तसा भडकच, पण झोप उडवतो.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा पडला. संकरित बियाणं करताना मादी ओळींचे तुरे हाताने खुडावे लागतात. ती मजुरी वाचवायला कंपन्यांनी टेक्सासमध्ये सापडलेला नरवंध्यत्वाचा एक गुण वापरला. तुऱ्यात परागच धरत नाहीत, मग खुडायचं काय? बघता बघता देशातल्या सुमारे ८५ टक्के मक्यात तोच गुण शिरला. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात! बुरशीच्या एका नव्या प्रकाराला नेमकं तेच मानवलं. सुमारे १५ टक्के पीक गेलं. तिथला मका मुख्यतः जनावरांच्या पोटात जायचा, म्हणून निभावलं.

१९७२ साली तिथल्या विज्ञान अकादमीने अहवाल काढला : बाकीची मोठी पिकंही अशीच एकसाची झाली आहेत. तोवर कंपन्या जुन्या बियाण्याकडे वळल्या होत्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी पोरं पुन्हा शेतात तुरे खुडत होती.