एग्री बिकावेर

एग्री बिकावेर ही हंगेरीच्या ईशान्य भागातील एगेर शहराच्या परिसरात तयार होणारी मिश्र रेड वाइन आहे. हंगेरियन भाषेत 'बिका' म्हणजे वळू आणि 'वेर' म्हणजे रक्त. इंग्रजी भाषक देशांत ती 'बुल्स ब्लड' या नावाने विकली जाते. नावात रक्त असले तरी ही वाइन केवळ द्राक्षांपासूनच बनते. हंगेरीबाहेर त्या देशाची ओळख मुख्यतः तोकायच्या गोड वाइनमुळे आहे; त्या प्रसिद्धीच्या छायेत एगेरचा प्रदेश दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, आणि बिकावेरची ख्याती 'स्वस्त व कडक' एवढ्यापुरतीच उरली.

नावाची आख्यायिका

इ.स. १५५२ मध्ये ऑटोमन सैन्याने एगेरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार इश्तवान डोबो याच्या हाताखाली सुमारे दोन हजार माणसे होती व त्यांत स्त्रियांचाही समावेश होता. शत्रुसैन्य त्यांच्या कित्येक पटींनी मोठे होते. सुमारे पाच आठवड्यांच्या झुंजीनंतर ऑटोमन सैन्य माघारी फिरले. आख्यायिका अशी की, डोबोने आपल्या लोकांचे मनोधैर्य टिकवण्यासाठी तळघरातील रेड वाइन त्यांना पाजली. त्यांच्या दाढ्यांवर व चिलखतांवर सांडलेले लाल डाग पाहून, हे लोक वळूचे रक्त पिऊन लढतात, अशी अफवा शत्रूच्या गोटात पसरली.

कथा रंजक आहे, परंतु कालगणनेच्या कसोटीवर ती टिकत नाही. त्या काळी एगेर परिसरात प्रामुख्याने पांढरी वाइनच होत असे. रेड वाइन देणारा 'कादार्का' हा द्राक्षवाण आणि लाल द्राक्षे सालींसह आंबवण्याची पद्धत बाल्कन प्रदेशातून स्थलांतरित झालेल्या सर्ब लोकांबरोबर हंगेरीत रुजली, असे सामान्यतः मानले जाते. 'बिकावेर' हा शब्द वाइनसाठी वापरल्याचा एक जुना दाखला कवी यानोश गारॉय यांच्या १८४६ मधील पानगीतात आढळतो. आणि ते गीत एगेरचे नसून दक्षिण हंगेरीतील सेक्सार्द या प्रदेशाविषयी आहे. वेढ्याचा इतिहास मात्र खरा आहे. गेझा गार्दोन्यी यांच्या 'एग्री चिल्लागोक' (१९०१) या कादंबरीमुळे तो प्रत्येक हंगेरियन शाळकरी मुलाला परिचित असतो. डोबोचा विजय कायमचा ठरला नाही, हे मात्र आख्यायिका सांगणारे सहसा विसरतात. १५९६ मध्ये किल्ला पडला आणि १६८७ पर्यंत एगेर ऑटोमन अंमलाखाली राहिले. त्या काळातील एक उंच मिनार शहरात आजही उभा आहे.

भूमी आणि द्राक्षे

एगेर ब्युक्क पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी वसले आहे. येथील हवामान थंड असून पाऊस कमी पडतो. द्राक्षे सावकाश पिकतात व त्यांची आम्लता टिकून राहते. शहराजवळच्या नॉड्य-एगेद टेकडीचे चुनखडीयुक्त उतार विशेष नावाजलेले आहेत. एरवी परिसरात ज्वालामुखीजन्य मऊ खडक, म्हणजे ऱ्हायोलाइट टफ, मोठ्या प्रमाणात आढळतो. तो सहज कोरता येत असल्याने त्यात शतकानुशतके तळघरे खोदली गेली. या तळघरांत वर्षभर गारवा असतो.

बिकावेरचा मूळ आधार कादार्का हा होता. या वाणाची साल पातळ असते, तो उशिरा पिकतो आणि ओल लागताच कुजतो. शेतकऱ्याची परीक्षा पाहणारेच हे द्राक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने येथील बागा उद्ध्वस्त केल्या. पुनर्लागवडीत इतर वाण आले आणि विसाव्या शतकात कादार्काची जागा 'केकफ्रांकोश' या काटक वाणाने घेतली. जर्मन भाषक प्रदेशांत त्यालाच 'ब्लाउफ्रेन्किश' म्हणतात. आजच्या मिश्रणात त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. जोडीला पोर्तुगीझर, झ्वायगेल्ट, मर्लो, काबर्ने फ्रॉं, काबर्ने सोव्हिन्यों, सिरा आणि काही प्रमाणात पुन्हा कादार्का वापरले जातात. एकाच वाणाची वाइन बिकावेर म्हणून विकता येत नाही. मिश्रण करण्याच्या क्रियेला हंगेरियन भाषेत 'हाझाशीताश' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ लग्न लावून देणे असा आहे, आणि तो समर्पकही आहे. कारण सर्वसाधारणपणे प्रत्येक वाण स्वतंत्रपणे आंबवून तयार झालेल्या वाइन नंतर एकत्र केल्या जातात.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीत द्राक्षबागा व तळघरे सरकारी व सहकारी उद्योगांच्या ताब्यात गेली. मुख्य ग्राहक सोव्हिएत संघ होता आणि त्याला मोठ्या प्रमाणात स्वस्त माल हवा होता. यंत्रांना सोयीच्या सपाट जमिनींवर भरघोस उत्पन्न देणाऱ्या वेली लावल्या गेल्या. ब्रिटनसारख्या पाश्चात्त्य बाजारांतही या वाइनला खप होता, पण तो चवीपेक्षा नावाच्या आकर्षणावर आणि कमी किमतीवर. १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम सुरू केली, पुढे सोव्हिएत संघच विघटित झाला आणि ही बाजारपेठ कोसळली. पातळ, आंबट वाइन असा लौकिक तेवढा मागे राहिला.

१९९० नंतर खाजगी मालकी परतली. टस्कनीतील ओर्नेलाया येथे काम करून नाव कमावलेले तिबोर गाल (मृत्यू २००५), तसेच विल्मोश थुम्मेरर यांच्यासारख्या वाइननिर्मात्यांनी वेलींवरील घडांची संख्या घटवून आणि चांगले उतार निवडून दर्जेदार बिकावेर बनवली. त्याच दशकात एगेरच्या उत्पादकांनी नियमावली स्वीकारून नावाचा वापर मर्यादित केला. आज 'क्लासिकुस', 'सुपेरियर' आणि 'ग्रँड सुपेरियर' अशा तीन श्रेणी आहेत; वरच्या श्रेणींसाठी उत्पन्नाची मर्यादा कडक असून वाइन अधिक काळ मुरवावी लागते. सेक्सार्दलाही 'बिकावेर' हे नाव वापरण्याचा अधिकार आहे आणि तेथील मिश्रणात कादार्का आवश्यक मानला जातो.

क्लासिकुस श्रेणीची वाइन आजही माफक किमतीत मिळते. तिचा रंग नावावरून वाटतो तितका गडद नसतो. आंबट चेरीची आठवण करून देणारा स्वाद, मिरीसारखा किंचित तिखटपणा, स्पष्ट आम्लता आणि सौम्य तुरटपणा ही तिची लक्षणे होत. हंगेरीत ती मांसाच्या रश्श्याबरोबर व पाप्रिका घातलेल्या पदार्थांबरोबर घेतली जाते. एगेरमध्ये दर जुलै महिन्यात बिकावेरचा उत्सव भरतो.