घड्याळ कुणाच्या हातात? नाताळच्या एका फुकट गेमची गोष्ट

हा भाग ऐकताना फोनवर एखादा गेम उघडा असेल तर राहू दे, मी काही रागावणार नाही. फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात बघा. सणासुदीचा इव्हेंट चालू असेल तर तिथे एक छोटं घड्याळ उलटं पळत असेल. इतके दिवस, इतके तास उरले, मग पणत्या जाणार, बर्फ जाणार, टोपी जाणार. आज मला ह्या घड्याळाच्या आजोबांची गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट 1996 ची, जपानमधली. सेगा कंपनीचा सॅटर्न नावाचा कन्सोल बाजारात होता आणि सोनीच्या प्लेस्टेशनकडून मार खात होता. सोनिक हेजहॉग बनवणाऱ्या सोनिक टीमने जुलै महिन्यात सॅटर्नसाठी एक गेम काढला, 'नाइट्स इंटू ड्रीम्स'. युजी नाका निर्माता, नाओतो ओशिमा दिग्दर्शक. पाच महिन्यांनी, डिसेंबरात, त्यांनी त्याच गेमची एक छोटीशी नाताळ आवृत्ती काढली, 'ख्रिसमस नाइट्स'. ती बहुतेकांना फुकटच मिळाली. कुठे कन्सोलबरोबर, तर ब्रिटनमध्ये चक्क गेमिंगच्या मासिकाबरोबर.

आता सणाची भेट म्हणून गेमचा तुकडा फुकट वाटणं काही नवीन नव्हतं. 1991 च्या नाताळात 'लेमिंग्ज' ह्या गेमच्या चार लेव्हल अशाच वाटल्या गेल्या होत्या. (तो बनवणारी स्कॉटलंडमधली डीएमए डिझाइन म्हणजे पुढे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' करणारी मंडळी.) पण 'ख्रिसमस नाइट्स'मध्ये एक वेगळी करामत होती. ती सांगण्याआधी हा गेम खेळतात कसा ते सांगतो, कारण नुसत्या बर्फाने कुणी वेडं होत नाही.

नाइट्स हा एक उडणारा विदूषक. एलियट आणि क्लॅरिस ही दोन मुलं स्वप्नात त्याच्या रूपात शिरतात आणि हवेत सुसाट सुटतात. वाट ठरलेली असते, तुम्ही वर-खाली होत, गिरक्या मारत जायचं. तुमच्याकडे 120 सेकंद. तेवढ्यात 20 निळ्या चिप्स गोळा करायच्या, त्या एका यंत्रावर नेऊन आपटायच्या आणि सुरुवातीच्या जागी परत यायचं. झालं. ऐकायला अगदी पोरखेळ वाटतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मलाही वाटलं, एवढंच?

खरी मजा मात्र वीस चिप्स झाल्यावर सुरू होते. काम संपलेलं असतं पण वेळ उरलेला असतो, समजा 60 सेकंद. सरळ घरी परत जाता येतं. किंवा अजून एक फेरी मारता येते. हवेत कड्या आणि चिप्स पसरलेल्या असतात, आणि एकापाठोपाठ एक न थांबता पकडल्या तर साखळी तयार होते. साखळी वाढली की गुण वाढतात. जरा उशीर झाला की साखळी तुटली. शेवटी शाळेसारखा शेरा मिळतो, ए ते एफ. नुसतं काम उरकून आलात तर कसाबसा काठावरचा शेरा. ए हवा असेल तर शेवटच्या सेकंदापर्यंत हाव करावी लागते.

आणि हाव अंगाशी आली तर? वेळ संपली की नाइट्स गायब. तुम्ही पुन्हा साधं मूल, जमिनीवर, दोन पायांवर. आणि तुमच्या मागे लागतं एक भलंमोठं अंड्याच्या आकाराचं गजराचं घड्याळ. त्याने पकडलं की जाग येते, खेळ खलास. आपल्याला सकाळी उठवायला घरचे येतात ना, तसंच, फक्त ते इथे हवेतून येतं. गेमच्या इतिहासात इतका समजण्याजोगा खलनायक मी तरी दुसरा पाहिलेला नाही!

ह्या दोन मिनिटांमुळेच माणूस अडकतो. पूर्वीच्या आर्केड मशीनमध्ये नाणं टाकायला लागायचं, इथे तेही नाही. दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही, म्हणून आपण 'एकच राउंड' म्हणतो. वाट पाठ असते, चूक कुठे झाली ते नेमकं माहीत असतं, आणि पुढच्या वेळी ती होणार नाही अशी खात्री असते. मी इम्युलेटरवर खेळलो. जेवायला बसण्याआधी एक राउंड म्हणून सुरू केलं आणि आमटी दोनदा गरम करावी लागली.

बरं, करामतीकडे येऊ. सॅटर्नच्या आत एक घड्याळ होतं आणि 'ख्रिसमस नाइट्स' त्यातली तारीख वाचायचा. नोव्हेंबर किंवा जानेवारी असेल तर शीर्षकातला ख्रिसमस जाऊन तिथे 'विंटर' यायचं. डिसेंबर उजाडला की खरा सण. हिरवळीच्या जागी बर्फ, कड्यांच्या जागी नाताळची पानांची तोरणं, चिप्स ज्यावर आपटायच्या त्या यंत्राच्या जागी नाताळचं झाड आणि मागे 'जिंगल बेल्स'. गोष्टही त्याला साजेशी, गावातल्या झाडाच्या शेंड्यावरचा तारा हरवलाय आणि तो शोधून आणायचा. 1 एप्रिलला लावलात तर नाइट्सच्या जागी त्याचा शत्रू रिआला खेळायला मिळायचा, एप्रिल फूल! थोडक्यात, गेमच्या पोटात स्वतःचं कालनिर्णय होतं.

आता इथे जरा थांबा, कारण मला ज्याच्यासाठी हा भाग करावासा वाटला ती गोष्ट हीच आहे. ते घड्याळ कुणाचं होतं? तुमचं. सॅटर्नच्या मागच्या बाजूला झाकण उघडलं की एक गोल बटण-सेल असतो, सीआर 2032, आपल्याकडे कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो तोच. सेल संपला की कन्सोल सुरू करताना तो तुम्हालाच विचारतो, आज तारीख काय? तुम्ही 25 डिसेंबर म्हणालात तर 25 डिसेंबर. मे महिन्याच्या उकाड्यात बर्फ हवाय? घ्या बर्फ. मी तसंच खेळलो, इम्युलेटर कॉम्प्युटरचीच तारीख वाचतो, ती बदलली की झालं.

सेगा काही धर्मादाय संस्था नव्हती हे खरं. ती फुकट डिस्क म्हणजे नाताळच्या खरेदीत सॅटर्न खपवायची जाहिरातच होती, आणि ती चालली नाही. 1998 मध्ये अमेरिकेत कंपनीने सॅटर्नचा गाशा गुंडाळला. पण डिस्क ज्याच्याकडे होती त्याच्याकडे राहिली.

मग स्मार्टफोन आले. डिसेंबर 2010 मध्ये रोविओने 'अँग्री बर्ड्स सीझन्स'मध्ये नाताळच्या 25 लेव्हल दिल्या, रोज एकच उघडणारी. युरोपात मुलं डिसेंबरभर पुठ्ठ्याच्या कॅलेंडरची एकेक खिडकी उघडून चॉकलेट खातात, कल्पना तिथून उचललेली. पण हेही घड्याळ आपल्याच खिशातलं होतं. फोनची तारीख पुढे ढकलली की सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि लोकांनी ते भरपूर केलं.

'ख्रिसमस नाइट्स'ला बरोबर वीस वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर 2016 मध्ये, 'पोकेमॉन गो' जिओला बरोबर घेऊन भारतात अधिकृतपणे आला. त्याच महिन्यात सणाची टोपी घातलेला पिकाचू काही दिवसांपुरता सोडला होता. तुमच्यापैकी काहींनी त्याच्यासाठी गल्ल्या पालथ्या घातल्या असतील. त्या पिकाचूचं घड्याळ फोनमध्ये नव्हतं, कंपनीच्या सर्व्हरवर होतं. फोनची तारीख बदलून काही उपयोग नाही. दिवस संपले की टोपी गेली. आणि आता बहुतेक ऑनलाइन गेम असेच चालतात. दिवाळी, नाताळ, हॅलोवीन, सगळं सर्व्हरवरून येतं आणि सर्व्हरवरून जातं.

ह्यात मजा नाही असं मी म्हणणार नाही. सगळे एकाच वेळी तेच शोधतायत ह्याची एक वेगळी गंमत असते, मे महिन्यात एकट्याने बर्फात उडताना ती मिळत नाही. पण मला दोन घड्याळं वेगळी ओळखता यायला हवीत असं वाटतं. एक 120 सेकंदांचं, ते खेळाचा भाग आहे, त्याच्याशी झुंजायलाच आपण आलोय. दुसरं कोपऱ्यातलं, 'दोन दिवस उरले' सांगणारं. रात्री साडेबाराला झोप आलेली असताना आपण पुन्हा फोन उचलतो तो ह्यातल्या कुठल्या घड्याळामुळे, ते एकदा बघा. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरंच असतं, आणि त्या रात्री मी खेळतो तेही भिकार.

2012 मध्ये सेगाने 'नाइट्स' नव्या कन्सोलसाठी आणि पीसीसाठी चकाचक करून पुन्हा आणला, त्यात 'ख्रिसमस नाइट्स'सुद्धा आहे. मूळ गेम एकदा पुरा केला की तो उघडतो. खेळलात तर एक सांगतो, वीस चिप्स झाल्यावर लगेच परत फिरू नका. अजून एक फेरी मारा. घड्याळ मागे लागलं तर पळा, ते तसं फार वेगात नसतं.