लोडरच्या जॅकमधून ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी रॉड बघा

दाभोळ : मृग तोंडावर आला की दाभोळ-दापोली पट्ट्यात ट्रॅक्टर लोडरला उसंत नसते. चिरे, लाल माती, शेणखत, बांधाचे दगड, सगळं पावसाआधी हलवायचं असतं. नेमक्या त्याच वेळी बकेट उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या, म्हणजे ड्रायव्हर ज्याला जॅक म्हणतात त्याच्या, तोंडाशी ऑइल दिसायला लागतं. थोडे दिवस फडकं मारून निभावतं. पण बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. जॅकमधून गळणारं ऑइल गिअरबॉक्सचंही असू शकतं, हे लक्षात ठेवावं.

गळती कुठून आहे ते आधी ठरवा. सिलिंडर पुसून कोरडा करा आणि थोडं काम करून बघा. पाइपाच्या जोडावर ऑइल आलं तर जोड, वायसर किंवा पाइप बदलून भागतं. रॉड जिथून बाहेर येतो तिथे ओल आली तर रॉडचं सील गेलेलं आहे. आणि बाहेर सगळं कोरडं, तरी उचललेली बकेट हळूहळू खाली बसते, असं असेल तर आतलं पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह पास होतोय. या दोघांतला नेमका दोषी कोण, हे मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय सिलिंडर खोलू नये. नाहीतर सील किटचा खर्च होतो आणि बकेट बसतेच.

गळती शोधताना पाइपावरून हात कधीच फिरवू नये. लोडरमध्ये साधारण १५० ते २०० बार दाब असतो. १५० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोच्या आसपास जोर. सुईएवढ्या भोकातून निघालेली ऑइलची धार कातडीत घुसते. वरून टोचल्यासारखं दिसतं, दुखतही कमी, पण आतून बोट, हात सडू शकतो. असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं आणि ऑइल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. तपासायला पुठ्ठा धरावा.

खोलण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून उरलेला दाब सोडा. हात वर ठेवूनच काम करावं लागत असेल तर खाली लोखंडी आधार लावा. चिऱ्याचा आधार नको, जांभा अचानक फुटतो. पाइपांना खूण करून तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा. मातीचा कण आत गेला तर नवं सीलही कापतो.

सिलिंडरचं डोकं, म्हणजे ग्लँड, काही ठिकाणी आट्यांचं असतं, काही ठिकाणी सर्क्लिपवर बसलेलं. आट्यांच्या ग्लँडला हूक पाना लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकून आटे बिघडवणारे बरेच भेटतात. रॉड बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, रॉड गोळीसारखा सुटतो.

आता खरी तपासणी. रॉड पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर चर किंवा गंजाचा खड्डा आहे. दाभोळला वाशिष्ठी समुद्राला मिळते, हवेत बाराही महिने खार. धोपाव्याला फेरीबोटीने जाऊन येणाऱ्या किंवा खाडीकाठी राबणाऱ्या लोडरच्या रॉडवरचा क्रोम लवकर फुटतो. असा रॉड नवं सील थोड्याच दिवसांत फाडतो आणि मालक दोष देतो सील विकणाऱ्याला. बारीक ओरखड्याची वर आलेली कड तेलदगडाने काढता येते. खड्डे असतील तर हार्ड क्रोम करून घ्यावं किंवा नवा रॉड घालावा. रॉड वाकलेला असेल, सिलिंडरच्या नळीत आतून रेघा असतील किंवा ग्लँडचा बुश झिजला असेल, तरी नुसत्या सीलने भागत नाही.

सील आणायला चिपळूण-खेडला जाताना जुनं सील फाटकं का असेना, सोबत न्यावं. शिवाय व्हर्नियरने मोजलेली रॉडची जाडी आणि नळीचं आतलं माप लिहून न्यावं. कंपनीचं मॉडेल सांगून प्रत्येक वेळी बरोबर किट मिळत नाही.

बसवताना दिशा चुकते ती इथेच. रॉड सीलची ओठासारखी कड ऑइलकडे, म्हणजे आत हवी. धूळ अडवणाऱ्या वायपरची कड बाहेर. पिस्टनवर अशी दोन सीलं असतील तर ती एकमेकांकडे पाठ करून बसतात. खोलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर वाद राहत नाही. नवं सील कोमट ऑइलमध्ये ठेवलं की मऊ होतं आणि दुमडून खाचेत जातं. स्क्रू-ड्रायव्हरने रेटू नये. आटे आणि धारदार कडांवर टेप गुंडाळून, ऑइल लावून मग सील सरकवा. पिस्टनचा नट कंपनीने सांगितलेल्या ताकदीने आवळून लॉक करा. तो आत सुटला तर नळी आणि पिस्टन दोन्ही जातात.

जोडून झाल्यावर बकेट रिकामी ठेवून, इंजिन कमी रेसवर ठेवून सिलिंडर हळूहळू पूर्ण आत-बाहेर करा. चार-पाच वेळा केलं की हवा निघते. मग बकेट खाली ठेवून ऑइलची पातळी बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलावंच लागतं. निघालेलं जुनं ऑइल विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नये, डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्यावं.

पावसाळ्यात लोडर उभा राहणार असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सुकवा, रॉड जमतील तेवढे आत घ्या आणि जो भाग बाहेर राहील त्याला ग्रीस फासा.