रिकामी परांची

डीएनएपासून सूक्ष्म सांगाडे बांधण्याच्या विद्येचा इतिहास लोकप्रिय लेखांत बहुधा २००६पासून सुरू होतो. त्या वर्षी कॅलटेकच्या पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूचा ७,२४९ अक्षरांचा डीएनए-धागा घेतला, त्याला जागोजागी दुमडून धरणारे दोनशेहून अधिक आखूड तुकडे त्यात मिसळले, मिश्रण तापवून निवू दिले. शंभरेक नॅनोमीटर रुंदीचे हसरे चेहरे आपोआप घडले. 'नेचर'च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या चेहऱ्यांनी मलाही भुलवले होते. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी कधीच नव्हतो. त्यामुळे एकेका शोधनिबंधाच्या तळटिपा धरून मागे सरकत १९८२पर्यंत पोहोचायला मला दोन वर्षे लागली.

तिथे भेटले नेड्रियन सीमन. पेशाने स्फटिकशास्त्रज्ञ, नोकरी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी विद्यापीठात. आणि अडचण अशी की स्फटिकच जमेनात. क्ष-किरणांनी प्रथिनाचा आकार वाचायचा तर त्याचे असंख्य रेणू कवायतीसारखे रांगेत उभे राहावे लागतात. ते कधी राहतात, कधी नाही. द्रावण बदलायचे, वाट पाहायची, पुन्हा बदलायचे. यावर माणसाचा हुद्दा अवलंबून असेल तर त्याची झोप उडणारच.

१९८०च्या शरदात विद्यापीठाच्या आवारातल्या पबमध्ये बसले असताना त्यांना एशर या डच चित्रकाराचे 'डेप्थ' आठवले. उडत्या माशांचे थवे, तिन्ही दिशांनी रांगेत. डोके, शेपूट, वर-खाली आणि डावी-उजवीकडचे पर: प्रत्येक माशाला सहा हात! ही गोष्ट साक्षात्कारासारखी सांगितली जाते, ते मला पटत नाही. डीएनएच्या फांद्या फुटणाऱ्या सांध्यांवर ते आधीपासूनच काम करत होते. मासे आठवले ते त्यामुळेच.

पेशीत असे चार हातांचे सांधे तयार होतात, पण ते सरकत राहतात, कारण समोरासमोरच्या हातांतली अक्षरे सारखी असतात. सीमन यांनी अक्षरक्रमच असा निवडला की सांध्याला सरकायला वाव उरू नये. मग हातांच्या टोकांना एकेरी धाग्याची शेपटे ठेवायची. ए टीला आणि जी सीला धरते, म्हणून कोणता हात कुणाला जुळणार हे आधीच ठरवता येते. अशी जाळी विणायची आणि तिच्या खणाखणांत प्रथिने बसवायची. प्रथिनांनी स्वतः रांग धरली नाही तरी परांची त्यांना धरून ठेवील, हा मूळ बेत.

१९९१मध्ये त्यांनी जुंगहुएई चेन यांच्यासह डीएनएचा घन बांधला. तो कुणाला दिसला नाही. जेलवरच्या पट्ट्यांवरून तो असल्याचे सिद्ध करावे लागले. हसऱ्या चेहऱ्यांना सूक्ष्मदर्शकाखालचे छायाचित्र लाभले, घनाला लाभले नाही. प्रसिद्धीतला फरक मला वाटते इथेच पडला.

आखणीबरहुकूम रचलेला त्रिमितीय डीएनए-स्फटिक २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले काही स्फटिक पाव मिलिमीटरहून मोठे होते. म्हणजे १९८२च्या कागदावरून हातात यायला सत्तावीस वर्षे. त्याच्या पोकळ्यांत प्रथिन मात्र नव्हते. २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला मिळाले, ज्यात प्रथिनाचा आकार वाचायला स्फटिकच लागत नाही. सीमन तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात होते, स्फटिक करतच होते. २०२१मध्ये ते वारले.