पाहुणा गवई आणि गर्जणाऱ्या तारा

वाचकहो, गावच्या जत्रेत माइक चुकून कर्ण्यासमोर आला, की कर्णा कसा केकाटू लागतो ते आपण ऐकलेच असेल. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. चक्र काही थांबत नाही. मग लाउडस्पीकरवाला धावत येऊन बटण पिळतो. पण अमेरिकेतल्या दोन गिटारवादकांनी या केकाटण्यालाच वाद्य मानले. त्यांच्यासंगे एका वृद्ध गवयाने गायलेल्या ध्वनिमुद्रिकेची ही हकीकत आहे.

वादकांची नावे स्टीफन ओमॅली आणि ग्रेग अँडरसन. १९९८ साली सिअ‍ॅटल शहरात त्यांनी ‘सन’ नावाचा संच काढला. हे नाव अ‍ॅम्प्लिफायरच्या एका जुन्या छापावरून घेतले. विजेच्या गिटारीत तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे मोठी होते. आवाज पुरेसा चढवला, तर कर्ण्याने थरथरवलेली हवाच तारेला पुन्हा हलवते आणि सूर विझत नाही. यांनी तारा खूप खाली उतरवल्या. एक सूर छेडायचा आणि त्याच्या लाटा ऐकत राहायचे, अशी यांची तऱ्हा. रंगमंचावर धुराचे लोट आणि वादकांच्या अंगात पायघोळ कफन्या! हे सोंग मला थोडे जास्तच वाटते. असो.

आता गवई पाहा. स्कॉट वॉकर, जन्म १९४३, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. खरे आडनाव एंगल. १९६५ साली तो दोन साथीदारांसह इंग्लंडात गेला. ‘वॉकर ब्रदर्स’ म्हणवणारे हे तिघे भाऊही नव्हते आणि जन्माने वॉकरही नव्हते. पण १९६५ आणि १९६६ साली त्यांची दोन गाणी तिथे पहिल्या क्रमांकावर गेली. भरदार, मधाळ गळा, मागे व्हायोलिनांचा ताफा. जन्मभर तेच गायला असता तरी त्याचे बरे चालले असते. पण त्याने ती वाट सोडली. पुढे वर्षानुवर्षे मौन धरायचे आणि मग एखादी अवघड ध्वनिमुद्रिका काढायची, असे चालले. २००६ सालच्या ‘द ड्रिफ्ट’मध्ये मुसोलिनीच्या प्रेयसीवरच्या गाण्यासाठी त्याने डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर ठोसे मारवून तो आवाज मुद्रित केला. गळाही बदलला. मधाळपणा जाऊन वर ताणलेला, भेदरल्यासारखा सूर आला.

‘सन’ मंडळींनी २००९ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याला बोलावले होते, तेव्हा तो योग जुळला नाही. पुढे काही वर्षांनी वॉकरकडूनच निरोप आला: तुमच्यासाठी गाणी रचली आहेत. म्हणजे झाले काय, की पाहुणाच यजमान झाला! २०१४ च्या आरंभी लंडनला मुद्रण झाले, वॉकर तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. ‘साउस्ड’ ही ध्वनिमुद्रिका ऑक्टोबरात निघाली. पाच गाणी, पाऊण तासाहून थोडी अधिक.

एवढ्या गर्जनेत म्हातारा गळा बुडेल, अशी भीती कुणालाही वाटावी. तसे झाले नाही. आपल्याकडे तंबोरा गवयाला आधार देतो, जवळपास तसेच काम या तारांनी केले. खाली एक सूर धरून ठेवलेला, आणि वर गळा मोकळा. मात्र तंबोरा गवयाला शांत करतो, आणि इथे तारा त्याला भिववतात, एवढा फरक. ‘ब्रँडो’ या गाण्यात तालाच्या जागी चाबूक कडाडतो. मार्लन ब्रँडो हा नट पडद्यावर पुन्हा पुन्हा मार खात असे, त्याची ती आठवण. ‘हेरोड २०१४’ मध्ये बायबलमधल्या बालहत्या करणाऱ्या राजाचे नाव येते आणि एक आई आपली लेकरे लपवते. त्यापुढे चालू सालाचा आकडा जोडून वॉकरने काय म्हटले, ते शिक्षकांना फोडून सांगायला नको. शेवटचे ‘ललबाय’, म्हणजे अंगाईगीत, हे मुळात जर्मन गायिका ऊटे लेंपर हिच्यासाठी लिहिलेले; तिने ते २००० साली गायले होते. झोप आणणारे मात्र ते मुळीच नाही, बरं का!

वॉकर २०१९ च्या मार्चमध्ये वारला. हे ध्वनिमुद्रण ऐकायचे मनात आले, तर मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यावर ऐकू नका. त्यातून खालचे सूर निघतच नाहीत आणि नुसता गळा लोंबकळत राहतो. मोठा कर्णा घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि आधी ‘हेरोड’ लावा.