पाच रेघांचे कारागीर

माझगावच्या टेकडीवरील बागेला काका बाप्टिस्टांचे नाव आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. लोकमान्यांचे हे स्नेही माथारपाखाडीत राहत. 1920 साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास त्या पाटीसमोर क्षणभर थांबावेसे वाटते. परंतु आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांच्या नावाची पाटी कोठेच नाही. ते टेकडीच्या खाली राहत. रात्री उशिरा, बगलेत व्हायोलिनची पेटी घेऊन, परत येत.

हे लोक गोवेकर. बाप्टिस्टा मुंबईच्या मूळ ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले. गोवेकर पोटासाठी बाहेरून आलेले. गावागावाने वर्गणी काढून त्यांनी मुंबईत खोल्या घेतल्या. कोकणीत खोली म्हणजे ‘कूड’. माझगाव, डाबूळ, धोबीतलाव या भागांत अशा पुष्कळ कुडी उभ्या राहिल्या, आणि काही आजही आहेत. एका भिंतीशी देव्हारा, दुसऱ्या भिंतीशी ट्रंकांची रांग, आणि मध्ये झोपायला जागा. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि बँडातला वाजविणारा शेजारी शेजारी पथारी टाकीत. संघटनेच्या कामानिमित्त अशा कुडींचे जिने आम्हीही चढलो आहोत. कोणी आजारी पडला तर गावकऱ्यांनी पाहायचे, नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत सांभाळायचे, हा तेथला रिवाज. ज्यास आपण संघटना म्हणतो, तिचे हे पहिले रूपच होय.

आता प्रश्न असा की, या माणसांच्या हाती व्हायोलिन आले कोठून? उत्तर पोर्तुगीज अमलात आहे. गोव्यात चर्चला जोडून शाळा असत आणि प्रार्थनेसाठी गाणारी-वाजविणारी मुले लागत, म्हणून तेथे अक्षरांबरोबर सुरांची लिपीही शिकवीत. पाच रेघांवर मांडलेले सूर वाचून गाणे, वाजविणे, हे शिक्षण गरिबाच्या मुलासही मिळे. ते धर्मप्रसारासाठी दिले गेले हे खरे. परंतु एकदा हाती आलेली विद्या देणाऱ्याच्या हेतूपुरती राहत नाही. मुंबईत तीच विद्या भाकरीचे साधन झाली.

पहिले मोठे फळ रंगभूमीवर दिसले. मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचा खेळ पाहून लुकासिन्हो रिबेरो यांस कोकणीत तसे काही करावे असे वाटले. 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईतच ‘इटालियन भुरगो’ हा पहिला ‘तियात्र’ रंगला. त्यात काम करणारे जुआंव आगुस्तीन फेर्नांदिस पुढे तियात्राचे जनक म्हणून गौरविले गेले. तियात्राची घडण मोठी मजेची आहे. नाटकाचा एक भाग झाला की पडदा पडतो, आणि पडद्यापुढे येऊन गायक ‘कांतार’ गातो. त्याचा कथानकाशी संबंध असेलच असे नाही. त्यात महागाई असते, सासू असते, पुढारीही असतो. खाली ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि ड्रम यांचा ताफा साथ करीत असतो. म्हणजे युरोपी वाद्ये, कोकणी बोली आणि वगातल्या सोंगाड्यासारखी टीका, अशी ही तिहेरी वीण आहे. गोव्याची म्हणून ओळखली जाणारी ही रंगभूमी जन्माने मुंबईची, नोकरीसाठी आलेल्या माणसांची आहे.

आपल्या मराठी रंगभूमीने तरी दुसरे काय केले? गंधर्व नाटक मंडळीत एकीकडे कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला, तर दुसरीकडे पाश्चात्त्यांची पायपेटी. त्या पेटीवाचून नाट्यपद अपुरे वाटावे इतकी ती आपली झाली. तेव्हा परके वाद्य आले की आपले संगीत बाटते, हा आक्षेप निदान आपण तरी घेऊ नये.

मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून वाजविण्याचे काम बव्हंशी गोवेकरांकडे असे. 1931 साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि ते काम बुडाले. तथापि नवे निघाले. 1935 साली लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो वादकाचा जॅझ ताफा मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलात हे संगीत वाजू लागले आणि गोवेकर वादकांनी ते ऐकून, सोबत वाजवून, आत्मसात केले. ज्या अमेरिकेत काळ्या माणसास गोऱ्याच्या शेजारी बसण्याची चोरी, तेथले हे संगीत येथे पारतंत्र्यातल्या माणसांनी उचलले, हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

रात्री हॉटेलात वाजविणारे हे हात दिवसा स्टुडिओत जाऊ लागले. तेथील कामाची पद्धत एखाद्या कारखान्यासारखी बारकाईने पाहण्याजोगी आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. गोवेकर अरेंजर ती पाच रेघांवर उतरवून घेई. मग दोन ओळींच्या मधले वाद्यसंगीत, गायकाच्या सुरामागून वाहणारी व्हायोलिनांची दुसरी धून, ट्रंपेटची जागा, हे सारे तो रचून देई. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिला जाई. ढोलक, तबला, सतारवाले कागद न पाहता कानाने वाजवीत. पंचाईत अशी की मींड आणि गमक पाच रेघांवर नीट उतरत नाहीत, आणि रागाच्या चालीखाली पाश्चात्त्य पद्धतीचे एकत्र सूर घातले की रागाचा चेहरा बिघडण्याची भीती. कागदवाले आणि कानवाले यांनी एकमेकांस सांभाळून वाट काढली. शंकर-जयकिशन यांच्याकडे सबॅस्टियन डिसूझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले.

एक उदाहरण मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. 1951 चा ‘अलबेला’. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. आणि त्यांच्या सोबतीस ट्रंपेटवाले चिक चॉकलेट; मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. या चित्रपटात चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. गिरणगावातल्या पावलांचा नाच, चितळकरांची चाल आणि हळदोण्याचे ट्रंपेट एकत्र आले. भगवानची ती पावले मिरवणुकीत आजही पडतात. मात्र ट्रंपेट कोणाचे, हे कोणी विचारीत नाही.

याहून पुढचे पाऊल अँथनी गोन्साल्विस यांनी टाकले. माजोर्ड्याचे हे गृहस्थ. वडील चर्चमध्ये गायनमास्तर. 1943 साली ते मुंबईस आले आणि चित्रपटांत व्हायोलिन वाजवू लागले. आपल्या रागसंगीताने ते भारून गेले. राग मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहावा, दोन्ही पद्धतींचे वादक एका मंचावर बसवावेत, असा ध्यास त्यांनी घेतला. 1958 साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. परंतु असा वृंद वर्गणीवर चालत नाही. 1965 साली ते अमेरिकेस गेले आणि परतल्यावर गोव्यात निवांत राहिले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायकाच्या तोंडी त्यांचे नाव आले, ते संगीतकार प्यारेलाल या त्यांच्या शिष्याने गुरूस दिलेल्या मानामुळे. देशभर ते नाव दुमदुमले, आणि बहुतेकांस ते कल्पित पात्राचे वाटले! 2012 साली ते वारले.

यावर कोणी म्हणेल की यातले पुष्कळसे परदेशी रेकॉर्डींची नक्कल होते. काही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नक्कल एवढी टिकत नाही. चाल उसनी असेल. ती आपल्या भाषेच्या ठेक्यावर बसविण्याची कारागिरी उसनी नव्हती.

आम्हांस खरा प्रश्न मजुरीचा वाटतो. वादकास त्या दिवसाचे पैसे मिळाले की हिशेब संपला. गाणे पुढे किती वर्षे वाजते, याच्याशी त्याचा संबंध नाही. श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शकाचे नाव. अरेंजरचे आले तर सहायक म्हणून, वादकांचे बहुधा नाहीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलावंतांचे हक्क आले, 2012 साली ते वाढले. पण त्याच 2012 च्या दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे, आणि धंद्याच्या रूढीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो एका किरकोळ अपवादाखेरीज ‘कलावंत’च मानला जात नाही. गिरणीत बदली कामगाराची हीच कथा होती: हजेरीपटावर नाव नाही, म्हणून हक्क नाही, आणि नाव का नाही, तर लिहिण्याची रूढी नाही. पुढे यांत्रिक वाद्ये आली, एक माणूस पन्नासांचे काम करू लागला आणि मोठे ताफे मोडले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा मोर्चे तरी निघाले. हे लोक पेटी बंद करून गुपचूप घरी गेले.

दोन संस्कृतींचा संगम विद्वानांच्या परिषदेत होतो असे आपण समजतो. माझगाव सांगते की तो पोटासाठी आलेल्या माणसांच्या खोलीत, ट्रंकेवर कागद ठेवून सूर लिहिताना झाला. तेव्हा आमची विनंती एवढीच. आपल्या वाडीत, शेजारी, जुन्या कुडीत अजून कोणाच्या घरी पिवळे पडलेले सुरांचे कागद असतील, तियात्राची हँडबिले असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी जाऊन पाहा, विचारा, आणि त्या माणसाचे नाव, गाव आणि वाद्य एका वहीत लिहून ठेवा. हजेरीपट मालकाने ठेवला नाही, तर तो आपण ठेविला पाहिजे.